गणपतीतला सह्यांचा कागद: फ्लोरिडातल्या मराठी मंडळींना खुले पत्र

फ्लोरिडातल्या माझ्या मराठी बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत, मसालेभाताच्या पातेल्याच्या अलीकडे, एक कागद ठेवला होता. क्लिपबोर्डला लावलेला, शेजारी पेन. आपल्यातले दुकानं चालवणारे एक दादा प्रत्येकाला हसून सांगत होते, "वहिनी, एवढी सही करा आणि पुढं व्हा." कागदावर इंग्रजीत चार ओळी होत्या. 16 आणि 17 वर्षांच्या मुलांनी किती तास आणि किती वाजेपर्यंत काम करावं हे त्यांच्या आईवडिलांना ठरवू द्या, राज्य सरकारने त्यात पडू नये, बारगळलेलं विधेयक येत्या अधिवेशनात पुन्हा आणा. खाली चाळीसेक सह्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरी मी जेवलेली आहे.

मी सही केली नाही. पण मागे रांग तुंबली होती, म्हणून बोललेही काही नाही. भात वाढून घेतला आणि पुढे सरकले. ते न बोलणं तेव्हापासून मला टोचतंय, म्हणून हे पत्र. ते दादा माझे कोणी वैरी नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला ऐनवेळी हॉल त्यांनीच मिळवून दिला होता. मी लिहितेय ते सह्या केलेल्या आणि करू पाहणाऱ्या सगळ्यांना, कारण बहुतेकांनी तो कागद नीट वाचला नसणार अशी माझी खात्री आहे. (मंडळाच्या टेबलावर असा कागद ठेवावा का, हे समितीने वेगळं बघावं. त्यात मी शिरत नाही.)

आधी कायदा सांगते. रांगेत माझ्या मागे कोणीतरी म्हणालं होतं, "अगं, वर फेडरल कायदा आहेच की." तसं नाही. 1938 चा फेडरल कायदा 14 आणि 15 वर्षांच्या मुलांचे तास ठरवून देतो: शाळेच्या दिवशी 3, शाळेच्या आठवड्यात 18, संध्याकाळी सातनंतर काम नाही, उन्हाळ्यात नऊपर्यंत चालतं. मूल 16 चं झालं की धोक्याच्या कामांना बंदी राहते, पण तासांबद्दल हा कायदा एक अक्षर बोलत नाही. अकरावी-बारावीतल्या मुलाला रात्री किती वाजता घरी सोडायचं हे सांगणारा फक्त राज्याचा कायदा आहे. फ्लोरिडाचा कायदा सांगतो, दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री अकरानंतर आणि सकाळी साडेसहाच्या आधी काम नाही, आणि शाळा चालू असताना आठवड्याला 30 तासांच्या वर नाही. आख्खी शाळा करून वर 30 तास. याला कोणी कडक म्हणेल असं मला वाटत नाही.

2024 साली त्यालाही फट पाडली. आईबापाने एका फॉर्मवर सही केली की 30 तासांची अट सुटते, आणि या वयाची जी मुलं घरून किंवा व्हर्च्युअल (ऑनलाइन) शाळेत शिकतात त्यांना तासांची बंधनं लागूच नाहीत. पुढच्याच वर्षी, 2025 च्या मार्चमध्ये, राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीला, राज्य सिनेटच्या समितीपुढे विधेयक 918 आलं. 16-17 वर्षांच्या मुलांवरची तासांची, रात्रीची, जेवणाच्या सुट्टीचीसुद्धा सगळी बंधनं काढून टाका. 14-15 वर्षांची मुलं घरून किंवा व्हर्च्युअल शिकत असतील तर राज्याची बंधनं त्यांचीही काढा. समितीत ते 5 विरुद्ध 4 मतांनी पुढे सरकलं आणि मग अधिवेशन संपेपर्यंत रखडून राहिलं. दादांच्या कागदावर जे "पुन्हा आणा" लिहिलंय ते हे.

आता मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. मी इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. गेल्या शैक्षणिक वर्षी माझ्या पहिल्या तासाला, म्हणजे सकाळी सात वीसला, दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. समीकरण फळ्यावर पुरतं लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. संध्याकाळी एका फास्टफूडच्या दुकानात कामाला जायची. जॅकेटला तळणीच्या तेलाचा वास, आणि डाव्या मनगटाच्या वर फ्रायरच्या जाळीचा चटका, वहीच्या रेघांसारख्या सरळ चार रेघांचा. दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तिनेच एकदा मला सांगितलं की मॅनेजर "अजून तासभर थांब" म्हणाला की ती म्हणते, "मला चालत नाही, स्टेटचा लॉ आहे." आणि तो नुसते खांदे उडवून म्हणतो, बरं, जा. रागावत नाही, पुढच्या आठवड्यात पाळ्या कमी करत नाही. कारण नाही ती म्हणत नव्हती. तिच्या वतीने कायदा म्हणत होता.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याचा विस्तार आहे.

नंतर दुकानात कोणाला तरी त्या फॉर्मचा पत्ता लागला. "आईची सही आणलीस का? बाकी सगळ्यांनी आणली," असं तिला दोनदा विचारलं गेलं. तिची आई मोटेलमध्ये खोल्या साफ करते आणि शनिवार-रविवारी आणखी एका ठिकाणी जाते. घराचं भाडं नुकतंच वाढलं होतं. आईने सही केली. त्या आईला मी कोणत्या तोंडाने बोल लावू? तिसाचे अडतीस तास झाले. मुलगी पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायला लागली. मी काही दिवस उठवलं, मग उठवणं सोडून दिलं, आणि ते माझं चुकलं. फेब्रुवारीत तिने शाळा सोडून व्हर्च्युअल शाळेत नाव घातलं. तिथे तासांची भानगडच नसते, असं कामावरच कोणीतरी सुचवलं होतं. जायच्या दिवशी शाळेचा कॅल्क्युलेटर परत करायला आली. त्याचं मागचं झाकण हरवलं होतं, तिथे तिने चिकटपट्टी लावून सेल बसवले होते. "झाकण माझ्याकडून हरवलं, पैसे भरायचे का?" म्हणाली.

यात कुठेही कायदा मोडला गेला नाही. सगळं नियमात बसलं.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे, लग्नाआधी मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर साखरशाळेत दोन हंगाम शिकवलं. बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या यायच्या. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाने आधीच दिलेली उचल. हंगामभर राबून ती फेडायची, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला ओझं. ऊस न्यायला गाडी कधी लागेल ते कोणालाच माहीत नसायचं. रात्री दोनला ट्रक आला की अख्ख्या टोळीने कोपीतून उठून भरायला जायचं. माझ्या वर्गात बारा वर्षांचा एक पोरगा होता. ट्रकच्या उजेडात तो मोळ्या पुढे ढकलून द्यायचा, उजाडल्यावर आईबरोबर वाढ्यांचे भारे बांधायचा आणि शाळेत आला की पाटीवर गाल ठेवून झोपायचा. उठवलं की पाढ्यातले आकडे गालावर उमटलेले असायचे, उलटे. एकदा मी त्याच्या वडिलांना म्हटलं, "दादा, रात्रीचं पोराला नका उठवू." ते म्हणाले, "बाई, मी न्हाई उठवत. उचल उठवती."

फ्लोरिडातल्या त्या आईची सही पाहिली तेव्हा मला मुकादमाच्या वहीतला त्या बापाचा अंगठा आठवला. "पालकांची संमती" हे शब्द आपल्या कानांना बरे लागतात, कारण आपण शाळेच्या सहलीच्या कागदावर सही करतो तेव्हा न करण्याचीही सोय आपल्याला असते. जिचं भाडं थकलंय तिला ती सोय नाही. आणि एकदा निर्णय तिच्या सहीवर सोपवला की मॅनेजरचा प्रश्न सरकारला राहत नाही, मुलीला राहतो: तुझी आई का नाही म्हणते? म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीने आधी घरी आईशी भांडायचं किंवा कामावर मॅनेजरशी. कायदा होता तेव्हा तिला दोघांशीही भांडावं लागत नव्हतं.

हा पालकांच्या हक्काचा मुद्दा अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे. 1916 साली बालमजुरीवर पहिला फेडरल कायदा झाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरी कापडगिरणीत काम करणाऱ्या रोलंड डॅगनहार्ट नावाच्या बापाने त्याच्याविरुद्ध दावा लावला. दोन्ही मुलगे गिरणीत होते. त्यांनी काम करायचं की नाही हे मी ठरवणार, सरकार कोण, असं त्याचं म्हणणं. दाव्यामागचा पैसा आणि वकील गिरणीमालकांचे होते. 1918 साली सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी कायदा रद्द केला. बाप जिंकला. काही वर्षांनी एका पत्रकाराने त्यातल्या रूबेन नावाच्या मुलाला शोधून काढलं. तोवर तो संसाराला लागलेला तरुण झाला होता. एवढा मोठा खटला जिंकून तुला काय मिळालं, असं त्याला विचारलं. त्याने आठवून सांगितलं: कोर्टाच्या वेळी त्या लोकांनी मोटारीतून फिरवलं आणि कोकाकोला पाजला. शिक्षण झालं नव्हतं. अंगही भरलं नव्हतं, वजन 105 पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने 48 किलोसुद्धा नाही.

1938 चा कायदा यायला त्यानंतर वीस वर्षं लागली. मधे 1924 साली घटनादुरुस्ती करून पाहिली, तिला पुरेशी राज्यं मिळाली नाहीत. शेवटी 1941 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो 1918 चा निकाल स्वतःच मोडीत काढला.

आणि आपण मराठी माणसांनी तर हा वाद त्याच्याही आधी पाहिलाय. मुंबईच्या गिरण्यांवरून 1881 साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास ठरवून दिले. सात वर्षांच्या लेकराला नऊ तास ही तेव्हाची सुधारणा! त्या कायद्यामागे इंग्लंडमधल्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता हे खरं आहे, मुंबईचा माल त्यांना महाग करून हवा होता. पण 1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवलं, त्यात कोणाचा परदेशी स्वार्थ नव्हता. त्यांच्या मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सूर्य मावळला की काम बंद. 1891 च्या कायद्याने मुलांचं किमान वय नऊवर नेलं आणि त्यांचे तास सातवर आणले.

लोखंड्यांच्या कागदावर अर्ध्या तासाची सुट्टी मागितली होती. विधेयक 918 ने मुलांच्या जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी काढायला सांगितली होती. गणपतीत आपण सही केली ती या दुसऱ्या कागदावर.

"आम्ही नाही का लहानपणी कामं केली?" असं मला दोघातिघांनी नंतर फोनवर विचारलं. केलीत की. कोणी सायकलवर पेपर टाकले, कोणी मामाच्या किराणा दुकानात पुड्या बांधल्या. एकाने तर थेट कर्मवीर अण्णांचं नाव घेतलं, "कमवा आणि शिका" त्यांनीच शिकवलं ना म्हणून. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं, म्हणून उत्तरही नीट देते. रयतच्या वसतिगृहात मुलगा शेतात राबायचा तेव्हा त्याला राबवणारा आणि त्याच्या परीक्षेची चिंता करणारा माणूस एकच असायचा. काम शिक्षणासाठी होतं. परीक्षा आली की काम मागे सरायचं. फ्रायरपाशी उभं करणाऱ्या मॅनेजरला बीजगणिताची चाचणी कधी आहे हे ठाऊक नसतं आणि ते ठाऊक असणं हे त्याचं कामही नाही. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणतच नाही. त्याला रात्रीची पाळी भरायची आहे. माझी स्वतःची मुलगी दर शनिवारी एका दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरते, तिच्या पहिल्या पगाराचे पेढे मी वाटले आहेत. कामाला माझा विरोध नाही. 30 तास काम करायला तर कायदा आजही कोणाला अडवत नाही.

मग अडचण कोणाची आहे? दादा म्हणतात, माणसं मिळत नाहीत. ते खोटं नाही. रात्री एकला ते स्वतः फरशी पुसताना मी पाहिलेत. पण माणसं का मिळत नाहीत हेही बोलू या. 2023 साली याच राज्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना नव्या माणसासाठी ई-व्हेरिफाय, म्हणजे त्याला इथे काम करायची कायदेशीर परवानगी आहे का याची सरकारी ऑनलाइन तपासणी, सक्तीचं केलं. किती जण या राज्यातून निघून गेले, किती जण कामावर यायला घाबरले, ते दुकानं चालवणाऱ्यांनीच मला सांगितलंय. 2025 च्या मार्चमध्ये, ते विधेयक समितीपुढे होतं त्याच सुमाराला, गव्हर्नर डिसँटिस यांनी जाहीर कार्यक्रमात विचारलं की परदेशी माणसं आणायचीच कशाला, पूर्वी रिसॉर्टमध्ये किशोरवयीन मुलंच कामं करायची ना. म्हणजे मोठ्या माणसांची रिकामी पडलेली पाळी मुलांनी भरायची. बाहेरून येऊन इथे पाय रोवलेल्या आपल्यासारख्यांनी या वाक्याखाली सही करताना थांबायला नको होतं का?

रात्रपाळीला मोठं माणूस आणायचं तर पैसे जास्त मोजावे लागतात, हे माझ्यासारख्या शिक्षिकेने दुकानदाराला शिकवायचं कारण नाही. फ्लोरिडाचं किमान वेतन 30 सप्टेंबर 2025 पासून तासाला 14 डॉलर आणि 2026 मध्ये त्याच दिवसापासून 15, असं ठरलेलं आहे. मतदारांनीच 2020 मध्ये ते ठरवलं, आपल्यातल्या अनेकांनी त्याला मत दिलं. नफा आधीच बारीक आहे, मान्य. पण तो वाचवण्यासाठी जी वस्तू खर्ची पडते ती आपल्या खिशातली नाही.

इतर राज्यांबद्दल थोडक्यात सांगते. हे काही एकाच पक्षाचं पाप नाही. 2022 साली न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनीही उन्हाळ्यातले तास वाढवले होते. पण जोर धरला तो 2023 मध्ये. त्या फेब्रुवारीत केंद्राच्या कामगार खात्याने पॅकर्स सॅनिटेशन या कंपनीला 15 लाख डॉलर दंड केला. आठ राज्यांतल्या तेरा मांस कारखान्यांत रात्री यंत्रं आणि करवती धुवायला 13 ते 17 वयाची निदान 102 मुलं सापडली होती. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडमध्ये मुलांच्या अंगावर साफसफाईच्या रसायनांचे चटके होते. दंड पडला मुलामागे 15,138 डॉलर, कायद्याने तेव्हा त्याहून जास्त करताच येत नव्हता. त्या आठ राज्यांत आर्कान्सॉ होतं. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच आर्कान्सॉच्या गव्हर्नर सारा हकबी सँडर्स यांनी एका कायद्यावर सही केली. सोळा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्याआधी राज्याकडून परवाना घ्यावा लागत असे, ज्यात वयाचा पुरावा आणि पालकाची संमती असे, तो परवानाच त्यांनी काढून टाकला. गंमत बघा, असं मी म्हणणार नाही, कारण त्यात गंमत नाही. आर्कान्सॉत पालकांच्या हक्काच्या नावाखाली पालकांच्या सहीचाच कागद गेला आणि फ्लोरिडात त्याच हक्काच्या नावाखाली सही मागितली जाते.

आयोवाचं उदाहरण दुकानदारांनी मुद्दाम वाचावं. तिथल्या सिनेटने रात्रभर बैठक चालवून पहाटे पाचच्या सुमाराला विधेयक मंजूर केलं आणि मे 2023 मध्ये ते कायदा झालं. 14-15 वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी 6 तास आणि रात्री नऊपर्यंत कामाची मुभा. फेडरल कायदा 3 तास आणि सात वाजेपर्यंत म्हणतो, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. पुढच्याच वर्षी राज्याच्या कायद्याप्रमाणे वागलेल्या तिथल्या उपाहारगृहांना केंद्राचे दंड भरावे लागले. विधेयक 918 मध्ये 14-15 वर्षांच्या मुलांसाठीही सूट होती, हे विसरू नका. टॅलाहासीच्या भरवशावर तुम्ही मूल ठेवाल आणि दंडाची नोटीस तुमच्या दारात येईल.

भारतात तरी काय वेगळं आहे, असं कोणी म्हणेल. 2016 साली तिथेही बालमजुरीचा कायदा बदलला. 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांना बंदी आली, हे चांगलं झालं, पण घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत करायला मोकळीक ठेवली. "घरचा धंदा" म्हणजे काय काय असतं हे विड्या वळणाऱ्या घरात वाढलेल्यांना विचारा. तेव्हाही मी इथून माझ्या भावाला लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्यामुळे मी फक्त अमेरिकेला नावं ठेवते असं समजू नये.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्या मंडळातल्या मुलांपैकी तो फॉर्म कोणाच्या घरी भरला गेलाय? मला एकही घर माहीत नाही. आपली मुलं शुक्रवारी रोबोटिक्सला जातात, शनिवारी भरतनाट्यम, रविवारी मराठी शाळा, उन्हाळ्यात एसएटीचे वर्ग. आपलं पोर रात्री बाराला फ्रायर घासतंय आणि सकाळी सात वीसला माझ्या वर्गात बसलंय, ही कल्पनाही आपल्याला सहन होणार नाही. उद्या तो कायदा झाला तरी आपण आपल्या लेकीसाठी ती सही करणार नाही. मग गणपतीत आपण सही केली ती कोणाच्या लेकीसाठी? ती मुलगी आपल्या रांगेत नव्हती. तिची आई तेव्हा कुठल्यातरी मोटेलमध्ये चादरी बदलत होती, कदाचित आपल्यातल्याच कोणाच्या मोटेलमध्ये.

मला हे लिहिताना भीती वाटतेय. परदेशात माणसं मोजकी असतात, संबंध जपावे लागतात. पण तुम्हीच मला तुमच्या मुलांची "गणिताची टीचर" म्हणता, आणि टीचर म्हणून मी ज्या मुलांना जबाबदार आहे त्यांतली बरीच मुलं मराठी नाहीत.

माझी मागणी एवढीच आहे. दादांनी तो कागद पाठवू नये. पाठवायचाच असेल तर ज्यांनी न वाचता सही केली त्यांना आपलं नाव खोडायची संधी द्यावी. ज्यांची दुकानं आहेत त्यांनी आपल्याकडे कामाला असलेल्या शाळकरी मुलांकडून तो 30 तासांचा फॉर्म मागू नये. कायद्याने मुभा दिली तरी मागायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. आणि ज्यांना या राज्यात मत आहे त्यांनी आपापल्या राज्य सिनेटरला नि प्रतिनिधीला अधिवेशन सुरू व्हायच्या आत दोन ओळी लिहाव्या: शाळेच्या आदल्या रात्री अकराची वेळ राहू द्या. पत्ता शोधायला कोणाला मदत हवी असेल तर मी करेन, इंग्रजी मजकूरही लिहून देईन.

दिवाळीच्या कार्यक्रमाला नोंदणीच्या टेबलावर यंदा माझीच पाळी आहे. पालकांनी सही करायचा तो फॉर्म कोरा छापून घेऊन येते. फराळ झाल्यावर दादा, तुम्ही तुमचा कागद आणा, आपण दोन्ही शेजारी ठेवून सगळ्यांदेखत वाचू. तुमचं म्हणणं मी पूर्ण ऐकून घेईन.

घरच्या सर्व मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
तुमच्या मुलांची गणिताची बाई